नाळेची मुदत ठेव

डोहाळजेवण आटोपलं, बायका हळदीकुंकू घेऊन पांगल्या. झोपाळ्याच्या कड्यांना बांधलेल्या झेंडूच्या माळा तशाच लोंबत होत्या. भाचेसून आतल्या खोलीत पाय उशीवर ठेवून पडली होती. तेवढ्यात भाच्याने टीपॉयवरचे डबे बाजूला सारून एक गुळगुळीत पुस्तिका मांडली. मुखपृष्ठावर निळ्या डोळ्यांचं, सोनेरी केसांचं बाळ. ठाण्यात असलं बाळ मी अजून तरी पाहिलेलं नाही.

पुस्तिकेच्या पोटात करारनामा होता. बाळ जन्मल्यावर नाळेतलं रक्त काढायचं आणि ७५ वर्षं गोठवून ठेवायचं. खर्च ७५ हजार रुपये, हप्त्याने. भाचा आयटीतला, वय चौतीस. त्याच्या घरात फोनपासून वॉशिंग मशीनपर्यंत प्रत्येक वस्तूचा विमा आहे. समोर बसली होती माझी थोरली बहीण. ताईने एकतीस वर्षं लेबर रूममध्ये काढली, त्यातली निम्मी कल्याण-उल्हासनगरच्या बाजूला. माझ्याकडे चहाचं खातं होतं. बोलणं जसं झालं तसं देतो आहे. मध्ये तोंड खुपसलं असेल तर चालवून घ्यावं.

भाचा: मावशी, आजीने माझ्या नाळेचा वाळलेला तुकडा कुंकवाच्या करंड्यात जपून ठेवला होता. पोट दुखलं की उगाळून द्यायची म्हणे. तेव्हा कोणी हसलं नाही. आता तीच नाळ उणे १९६ अंशांवर नीट ठेवू म्हटलं, तर तू नाक मुरडतेस.

ताई: मी तेव्हाही नाक मुरडलं होतं. पण आईने तुझ्या बापाकडून त्याचे हप्ते घेतले नव्हते.

भाचा: बरं, मूळ मुद्दा सांग. त्या रक्तात स्टेम सेल असतात की नसतात?

ताई: असतात की. हाडांच्या मज्जेत असतात त्याच जातीच्या. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, सगळं रक्त त्यांच्यातूनच तयार होतं. गर्भात रक्त आधी यकृतात बनतं, मग ते बिऱ्हाड मज्जेत हलतं. जन्माच्या वेळी ही हलवाहलव चालूच असते, म्हणून त्या पेशी वाटेत, रक्तातच, भरपूर सापडतात. यात खोटं काहीच नाही.

भाचा: आणि त्याने माणसं बरी झालीत.

ताई: झालीत. पहिला पोरगा पाच वर्षांचा होता, अमेरिकेतला. फॅन्कोनी अॅनिमिया, म्हणजे मज्जाच हळूहळू आटत जाते. आईला पुन्हा दिवस गेले तेव्हा पोटातल्या बाळाची तपासणी केली. बहीण निरोगी निघाली आणि भावाशी जुळणारीही. ती जन्मली तेव्हा तिच्या नाळेतलं रक्त साठवलं. इंडियानात हॅल ब्रॉक्समेयर यांच्या प्रयोगशाळेत ते तपासलं, गोठवलं आणि पॅरिसला नेलं. ऑक्टोबर १९८८, सेंट लुई इस्पितळ, डॉक्टर एलियान ग्लुकमन. पोरगा बरा झाला, चांगला बापई झाला. आम्हाला हे कळलं ते बऱ्याच वर्षांनी. तोवर आमच्याकडे वार म्हणजे बादलीत टाकायची वस्तू.

भाचा: मग झालं तर! मीही तेच म्हणतोय.

ताई: तू ते म्हणत नाहीयेस. त्या पोराला स्वतःचं रक्त दिलं होतं का?

भाचा गप्प झाला. मी चहा ओतला. ताईचं असं आहे, तिचा प्रश्न साधा वाटतो आणि उत्तर देताना माणूस अडखळतो. पण भाचाही काही लेचापेचा नाही.

भाचा: स्वतःचं तर आणखी चांगलं ना? शंभर टक्के जुळणार. शरीर ते नाकारणार नाही.

ताई: जुळणार, हीच तर अडचण. समज, मुलीला थॅलेसेमिया निघाला. तो दोष जनुकात असतो. म्हणजे तिच्या मज्जेत जो, तोच तिच्या नाळेच्या रक्तात. गळक्या टाकीतलं पाणी काढून ठेवून तेच पुन्हा ओतशील तर टाकी गळायची थांबेल का? तिला दुसऱ्याची टाकी हवी. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाचंही पुष्कळदा तसंच. लंडनच्या मेल ग्रीव्हज यांच्या चमूने १९९७ मध्ये ल्युकेमिया झालेल्या मुलांचे जन्माच्या वेळी टिपकागदावर घेतलेले रक्ताचे थेंब पुन्हा काढून तपासले. बिघाडाची खूण त्या थेंबांतच होती, आजार कळण्याच्या कितीतरी आधी. असलं रक्त कोणता डॉक्टर परत देईल? शिवाय परक्याच्या पेशी ल्युकेमियाच्या उरलेल्या पेशींना शोधून मारतात. स्वतःच्या पेशी त्यांना आपलंच माणूस समजून सोडून देतात.

भाचा: म्हणजे उपयोग शून्य?

ताई: शून्य कुठे म्हणाले? आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१८ मध्ये निवेदन काढलं. पहिल्या वीस वर्षांत स्वतःचं साठवलेलं रक्त स्वतःला लागण्याची शक्यता अडीच हजारांत एक ते दोन लाखांत एक. आणि आयसीएमआर, म्हणजे आपली वैद्यकीय संशोधन परिषद म्हणते, स्वतःसाठी साठवण्याला शास्त्रीय आधार नाही.

भाचा: दोन लाखांत एक म्हणजे गाजराची पुंगी. वाजली तर वाजली, नाही तर मोडून खाल्ली.

ताई: गाजर मोडून खाता येतं रे. ७५ हजारांची पिशवी कशात घालून खाणार?

इथे मी हसलो, आणि भाच्याने माझ्याकडे पंचाने बाजू घेतल्यासारखं पाहिलं. म्हणून मी त्याच्या वतीने विचारलं, की ही पिशवी भरतात तरी कशी? ताईचा चेहरा एकदम बदलला. कामाबद्दल बोलायला लागली की तिचे हात आधी बोलतात.

ताई: थर्माकोलचं खोकं येतं. आत रक्ताची पिशवी, तिच्यात रक्त गोठू न देणारं औषध आधीच भरलेलं, जाड सुई, चिमटे, आईच्या रक्तासाठी ट्यूबा आणि सह्यांचे कागद. मूल बाहेर आलं, नाळेला चिमटे लावून कापलं, मूल बाजूला दिलं, की आईच्या बाजूला राहिलेली नाळ हातात धरायची. नाळ कशी दिसते माहितेय? ओल्या, पीळ घातलेल्या जाड दोरीसारखी, मोतिया पांढरी, आतून निळसर. धरली की हातातून सटकते. आत तीन नळ्या, दोन रोहिण्या आणि एक जाड नीला. ती नीला फुगलेली असते. तिच्यावर आयोडीन फिरवायचं, सुई घालायची आणि पिशवी खाली सोडायची, खाटेच्या पातळीखाली. पंप-बिंप काही नाही, आपोआप उतरतं. हाताने पिशवी हलवत राहायची. दोन-चार मिनिटांत नाळ पांढरीफटक पडून चपटी होते. मिळालं तर शंभर मिलिलिटर, नाही तर साठ-सत्तर. एक चहाचा कप, तोही उडप्याकडचा. तो ४८ तासांत लॅबला पोचला पाहिजे.

भाचा: आणि एवढं एका माणसाला पुरतं?

ताई: आता आलास जागेवर. हिशेब तूच कर, इंजिनिअर आहेस. रुग्णाच्या वजनाच्या किलोमागे किमान अडीच कोटी पेशी लागतात. नाळेच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण एक कोटी धर. ८० मिलिलिटर मिळालं तर?

भाचा: ऐंशी कोटी. भागिले अडीच... बत्तीस. बत्तीस किलोचा माणूस.

ताई: माणूस नव्हे, पाचवीतलं पोर. त्यातही गोठवताना, वितळवताना थोडं वाया जातं. तुझी मुलगी तिशीत गेल्यावर साठ किलोची होईल, तेव्हा दीडशे कोटी हवेत. आणि करार ७५ वर्षांचा! मोठ्यांसाठी दोन पिशव्या मिळून देतात, पण त्या दोन्ही एकाच बाळाच्या नसतात. जगातल्या सार्वजनिक बँका आलेल्या पिशव्यांपैकी निम्म्याहून जास्त पेशी कमी म्हणून नाकारतात. खासगी बँक क्वचितच नाकारते, कारण पैसे भरलेत.

हा शेवटचा टोला मला जरा जास्त वाटला. पण भाच्याने तो झेलला आणि बाजू बदलली, ते बरं केलं.

भाचा: ठीक आहे, स्वतःसाठी नको. पण भावंडासाठी? उद्या दुसरं मूल झालं आणि त्याला काही झालं तर?

ताई पाणी प्यायली. मग तिने उल्हासनगरची गोष्ट सांगितली. फाळणीनंतर सिंधहून आलेल्या निर्वासितांच्या छावणीतून वाढलेलं हे गाव. सिंधी समाजात थॅलेसेमियाचे वाहक जास्त, हे तिथल्या प्रत्येक लेबर रूमला ठाऊक असतं.

ताई: जोडपं तरुण होतं. कापडाचं दुकान. मोठा मुलगा थॅलेसेमिया मेजर, दर तीन आठवड्यांनी रक्ताची बाटली. पोरगा सात वर्षांचा, पण दिसायचा पाचचा, लोह साठून चेहरा काळवंडलेला. दुसऱ्या वेळी अकराव्या आठवड्यात वारेचा तुकडा तपासला. बाळ नुसतं वाहक निघालं, आजारी नाही, आणि भावाशी पूर्ण जुळणारं. अशी दोन्ही दानं एकदम पडायची शक्यता सोळात तीन. मग डॉक्टरांनी मला बोलावून सांगितलं, सिस्टर, हिची नाळ तुम्हीच काढायची. त्या दिवशी माझा हात थरथरला. एरवी कधी नाही. बाळंतीण वेदनेत विचारत होती, कितना आया, कितना आया. तिने बाळाचं मुलगा-मुलगी आधी विचारलंच नाही. पेशी थोड्या कमी पडल्या, म्हणून बाळ वर्षाचं झाल्यावर त्याची थोडी मज्जाही काढली आणि दोन्ही मिळून दिलं. पोरगा सुटला बाटलीतून. आता दुकानात बसतो.

भाचा: म्हणजे माझंच म्हणणं खरं!

ताई: त्यांच्या घरात आजारी मूल होतं, बाळ जुळतंय हे माहीत होतं, आणि डॉक्टर वाट बघत होते. अशा घराने साठवलंच पाहिजे, त्याला आयसीएमआरचीही ना नाही. देशात दरवर्षी दहा हजारांवर मुलं थॅलेसेमिया मेजर घेऊन जन्मतात. त्या घरांशी तू तुझी बरोबरी करू नकोस. तुमच्या दोघांची तपासणी झालीय ना?

भाचा: झालीय. दोघांपैकी कोणीही वाहक नाही.

ताई: मग?

भाचा: मग दान करतो. तू म्हणतेस ना, दुसऱ्याच्या कामी येतं? सांग कुठे देऊ. मी फोन केले होते मावशी. ठाण्यात कोणी घेत नाही. मुंबईत एकाने सांगितलं, सध्या संकलन बंद. ‘विकू नका, दान करा’ असं सगळे लेखात लिहितात, पण पत्ता कोणी देत नाही. न्यूयॉर्कला पाब्लो रुबिनस्टाइन यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला सार्वजनिक बँक उभी केली, सरकारचा पैसा मिळाला. आपल्याकडे कोण उभी करतंय? निदान खासगी कंपनी सगळ्यांच्या पिशव्या एकत्र ठेवून एकमेकांना देण्याची योजना तरी काढते.

ताईकडे याला उत्तर नव्हतं. तिने पुस्तिका उलटी करून ठेवली, म्हणजे ते निळ्या डोळ्यांचं बाळ टीपॉयच्या काचेकडे पाहायला लागलं. भाच्याचा हा मुद्दा मला पूर्ण पटतो. जगात आतापर्यंत नाळरक्ताची ४० हजारांहून अधिक प्रत्यारोपणं झाली, त्यातली बहुतेक अनोळखी बाळांनी दिलेल्या, सार्वजनिक बँकेतल्या पिशव्यांची. नाळरक्ताला पेशींवरच्या सहापैकी चार ओळखखुणा जुळल्या तरी चालतात, मोठ्या माणसाच्या मज्जेला पूर्वी एवढी सवलत नव्हती. जातीतल्या जातीत लग्नं करत आलेल्या आपल्या देशात प्रत्येक समाजाच्या खुणा वेगळ्या. अमेरिकेच्या नोंदवहीवरचा २०१४ चा अभ्यास सांगतो की युरोपीय वंशाच्या गोऱ्या रुग्णाला पूर्ण जुळणारा दाता मिळण्याची शक्यता ७५ टक्के, दक्षिण आशियाई रुग्णाला ३३. सार्वजनिक नाळबँकेची सर्वांत जास्त गरज आपल्यालाच होती. आपण ती नीट उभी केली नाही, आणि त्या रिकाम्या जागेत पुस्तिका आली.

ताई: तुझं खरं आहे. पण त्या एकत्र ठेवायच्या योजनेतही पेशी मोजून, नाकारून घेतात का, हे विचार. आणि एक ऐक. गाडी पुढे गेलीय. आता अर्धं जुळणाऱ्याचंही चालतं. आई, बाप, प्रत्येक मुलाशी अर्धे जुळतातच. प्रत्यारोपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइड देतात, जुनं, स्वस्त औषध. ते रुग्णाच्या शरीरावर धावून जाणाऱ्या दात्याच्या उतावळ्या पेशी मारतं. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये हे बसवलं. २०२१ मध्ये मोठ्या माणसांवरची तुलना छापून आली, दोन पिशव्या नाळरक्त की अर्धा जुळणारा नातलग. दोन वर्षांनी जिवंत होते नाळवाल्यांत ४६ टक्के, नातलगवाल्यांत ५७. नाळेच्या पेशी रुजायला उशीर लावतात, तोवर जंतू गाठतात. म्हणजे उद्या तुझ्या मुलीला लागलंच, तर तिची बँक तू आहेस. ७५ वर्षांचं भाडं नाही.

भाचा: आणि ऑटिझम? सेरेब्रल पाल्सी? पुस्तिकेत दोन पानं आहेत त्यावर.

ताई: अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात १८० मुलांवर ऑटिझमचा प्रयोग झाला, २०२० मध्ये निकाल आला. ज्या सुधारणेसाठी तो मांडला होता, ती दिसली नाही. पुढचं पान.

भाचा: फ्रीजर?

ताई: सिंगापूरला २०२३ मध्ये एका खासगी बँकेच्या टाक्यांचं तापमान चढलेलं सापडलं. दोन हजारांवर पिशव्या खराब. आईबापांना वर्षानुवर्षं पत्ता नव्हता. आणखी काही?

खरं तर ‘आणखी काही’ तिच्याकडेच होतं. तिने माझ्याकडे पाण्याचा पेला मागितला, अर्धा ओतला, आणि भाच्यासमोर धरला.

ताई: तीन किलोच्या बाळाच्या अंगात रक्त किती? जेमतेम अडीचशे मिलिलिटर. मूल बाहेर आलं तरी नाळ धडधडत असते, बोटाला कळतं. वारेतलं रक्त तेव्हा बाळाकडे चाललेलं असतं. एक मिनिट थांबलं तर ८० मिलिलिटर जातं, तीन मिनिटं थांबलं तर शंभर. आम्ही शिकलो तेव्हा झटकन कापायचो, तसंच शिकवलं होतं. आता जागतिक आरोग्य संघटना सांगते, निदान एक मिनिट थांबा. त्या रक्तातलं लोह बाळाला पुढचे कित्येक महिने पुरतं. आपल्या देशात सहा महिने ते पाच वर्षांची ६७ टक्के पोरं रक्तक्षयाची आहेत, सरकारचाच सर्व्हे. आता तू म्हणतोस पिशवी भरून हवी. थांबलं की पिशवी रिकामी. पिशवी भरायची तर घाई. ज्याचं रक्त, त्याच्या तोंडचं काढून त्याच्याच नावाने बँकेत ठेवायचं, वर हप्ते!

भाचा: थोडं थांबून मग काढता येतं म्हणाला तो माणूस.

ताई: येतं. पण मग तुझ्या भागाकारात बत्तीसच्या जागी काय येईल ते बघ.

याच वेळी आतून आवाज आला. भाचेसून झोपली नव्हतीच. तिने दारात येऊन विचारलं, “नाळ माझी, मूल माझं, आणि तुम्ही तिघं तासभर बोलताय. मला कोणी विचारणार आहे का?” आम्ही तिघांनीही खाली पाहिलं. तिने फाइल मागितली आणि डॉक्टरांच्या सूचनांच्या पानावर बॉलपेनने लिहिलं: ‘बाळ-बाळंतीण ठीक असल्यास नाळेची धडधड थांबल्यावरच नाळ कापावी.’ खाली सही. मग म्हणाली, “७५ हजारांचं तुम्ही बघा, पण त्यातून आधी मुलीच्या सगळ्या लशी आणि आरोग्यविमा होऊ दे.”

मुलगी होणार की मुलगा, हे अर्थात कोणालाच माहीत नाही. घरात सगळे मुलगीच म्हणतात.

भाच्याने करारनामा फाडला नाही. ड्रॉवरमध्ये ठेवला, वॉशिंग मशीनच्या वॉरंटी कार्डाशेजारी. जाताना ताईने त्याला विचारलं, “दुसऱ्याच्या कामी यायची हौस खरी आहे ना? मग नाळेची वाट कशाला बघतोस?” रक्ताच्या मूळपेशी देणाऱ्यांची नोंदवही आपल्या देशातही आहे, भारतीय दाते काही लाखांच्या घरात, एकट्या जर्मनीत कोटीच्या आसपास. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून पाकिटात घालायची, बस. जुळणारा रुग्ण निघाला तर चार-पाच दिवस इंजेक्शनं आणि मग बहुतेक वेळा प्लेटलेट देतात तसं, हाताच्या शिरेतून, चार-पाच तास. मराठी, सिंधी, कोंकणी रुग्णाला जुळणारं माणूस बहुधा त्याच्याच समाजात सापडतं, जर्मनीत नाही.

सोमवारी भाच्याने काड्या मागवल्या. नोंदणीला वयाची मर्यादा असते. मी एकसष्टचा, तेव्हा बाद. तुम्ही त्या आत बसत असाल, तर काड्या घरपोच येतात आणि त्यांचे पैसे पडत नाहीत.